जुन्या वर्कस्टेशनचा फॅन बोंबलतोय? नवीन फॅन मागवायच्या आधी हे करून बघा

एचपीचं झेड४२० किंवा झेड६२०, डेलचं प्रिसिजन टी३५०० किंवा टी५६००, लेनोवोचं थिंकस्टेशन, ॲपलचा २००६ ते २०१२ मधला मॅक प्रो, यातलं काहीही तुमच्याकडे असेल तर हा प्रकार ओळखीचा असणार. मशीन अजून दणकट चालतंय, ईसीसी रॅम (मेमरीतल्या चुका स्वतः पकडणारी) आहे, पत्रा असा की आजच्या केसमध्ये बघायला मिळत नाही, पण आवाज असा की शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. मग बहुतेक जण काय करतात, सरळ नवीन फॅन मागवतात. आला की एकतर कनेक्टरच बसत नाही, नाहीतर बसतो पण चालू करताना एरर येतो, नाहीतर सगळं नीट बसतं आणि आवाज तेवढाच राहतो कारण आवाज त्या फॅनचा नव्हताच मुळी. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो, फॅन विकत घेणं ही शेवटची पायरी ठेवा. आधी नक्की कुठला भाग आवाज करतोय आणि का करतोय हे कळलं पाहिजे, आणि बऱ्याचदा हे कळेपर्यंत आवाज गेलेला असतो.

मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे फॅन चांगला आहे पण जोरात फिरतोय, कारण मशीनला वाटतंय की आत गरम आहे. दुसरं म्हणजे फॅन हळूच फिरतोय पण त्याचं बेअरिंग गेलंय किंवा काहीतरी थरथरतंय. पहिल्या प्रकारात कितीही भारी फॅन आणून लावा, मशीन त्यालाही जोरातच फिरवणार. दुसऱ्या प्रकारात बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये) किती सेटिंग बदला, घरघर काही जाणार नाही.

आधी कान लावा

नुसता सूं असा वाऱ्यासारखा आवाज, काम वाढलं की वाढतो आणि मशीन रिकामं असलं की कमी होतो, तर तो हवेचा आवाज, म्हणजे स्पीडचा प्रश्न. सकाळी थंड मशीन चालू केल्यावर घरघर खरखर आणि दहा-पंधरा मिनिटांनी कमी, तर स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल सुकलंय. कायम एकसारखी खडबडीत गुरगुर, गरम झालं तरी तशीच, तर बहुतेक बॉल बेअरिंग झिजलंय. टिकटिक टिकटिक येत असेल तर ऐंशी टक्के काम डोळ्यांनीच होतं, कुठलीतरी वायर पात्याला लागत असते. ठराविक उंचीची शीळ येत असेल तर पात्यांच्या अगदी जवळ असलेली पत्र्याची जाळी बघा. आणि वूं...वूं...वूं असा चढउतार होणारा आवाज असेल तर दोन फॅन जवळपास सारख्या स्पीडने फिरतायत, उदाहरणार्थ सात पात्यांचे दोन फॅन, एक १२०० आरपीएमवर (मिनिटाला १२०० फेरे) आणि दुसरा १२३० वर, तर एकाचा सूर १४० हर्ट्झ आणि दुसऱ्याचा १४३.५, फरक साडेतीन, म्हणून सेकंदाला साधारण साडेतीन वेळा तो आवाज फुगतो आणि बसतो. यात एकही फॅन खराब नाहीये, दोघांचे स्पीड एकमेकांपासून लांब नेले की संपलं.

हा हिशोब फार उपयोगी आहे, म्हणून नीट सांगतो. पात्यांची संख्या गुणिले आरपीएम भागिले ६०, म्हणजे त्या फॅनचा मुख्य सूर हर्ट्झमध्ये. नऊ पाती, २४०० आरपीएम, तर ३६० हर्ट्झ. फोनवर एखादं फुकट स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप टाका, मशीनपासून हातभर अंतरावर फोन धरा, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला सुळका दिसतोय ते बघा. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असेल तर १२० हर्ट्झला सुळका दिसतो आणि तो लोड वाढवला तरी जागचा हलत नाही. १०,००० आरपीएमची असेल तर १६७ च्या आसपास, १५,००० ची असेल तर २५०. (जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ट्रान्सफॉर्मरची गुणगुणसुद्धा १२० लाच येते, ५० हर्ट्झच्या ठिकाणी १०० ला, तेवढं लक्षात ठेवा.) फॅनच्या नावाने शिव्या घालून झाल्यावर शेवटी डिस्कच निघाली, असं जुन्या वर्कस्टेशनमध्ये खूप होतं. तसं असेल तर एसएसडी लावा आणि पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

ॲप नको असेल तर साधी पद्धत. साइड पॅनल उघडा, मशीन चालू ठेवा, आणि पेन्सिलचा खोडरबरवाला टोक फॅनच्या मधल्या गोल भागावर हलकेच दाबून दोन-तीन सेकंद फॅन थांबवा. आवाज गेला तर चोर सापडला. पात्यांना हात लावायचा नाही, मधल्या भागालाच. आणि ३८ एमएम जाडीचे मोठे फॅन असतात त्यांना असं थांबवायच्या भानगडीत पडू नका, त्यांना जोर फार असतो. पॉवर सप्लायच्या जाळीतून तर काहीच आत घालायचं नाही, पेन्सिल नाही, काडी नाही, काहीच नाही. त्याच्यासाठी पुठ्ठ्याची नळी कानाला लावून ऐका, पुरेसं कळतं.

एक इशारा, पॅनल उघडलं की काही मशीनमध्ये उलट आवाज वाढतो. पॉवर मॅक जी५ मध्ये नऊ फॅन आहेत आणि आतलं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण काढलं की ते मुद्दाम जोरात पळतात, कारण हवेचा मार्ग तुटलेला असतो. तो बिघाड नाही. इतर वर्कस्टेशनमध्येही आत जो प्लास्टिकचा बोगदा असतो तो हवा ठराविक जागेवरून न्यायला असतो, तो काढून ठेवून मशीन वापरू नका.

का एवढं कोण आवाज करतंय ते शोधायचं? कारण डेसिबलची बेरीज विचित्र असते. सारखाच आवाज करणारे दोन फॅन असले तर एकूण आवाज एकापेक्षा फक्त ३ डेसिबलने जास्त. म्हणजे दोनपैकी एक पूर्ण बंद केला तरी कानाला फारसा फरक नाही. पण एक फॅन बाकीच्यांपेक्षा १० डेसिबलने जोरात असेल तर बाकीच्यांना हात लावायचीच गरज नाही, तो एक पकडला की काम झालं.

धूळ, आणि ती जिथे दिसत नाही तिथली धूळ

सगळे म्हणतात धूळ साफ केली, पण केली कुठली तर पुढच्या जाळीची आणि पात्यांची. खरी धूळ असते हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पातळ पट्ट्यांचा, म्हणजे फिन्सचा, धातूचा ठोकळा) आणि फॅन यांच्या मधे. फॅन काढल्याशिवाय ती दिसतच नाही, फिन्सच्या तोंडावर चक्क नमद्यासारखा थर बसलेला असतो. म्हणून सीपीयूच्या हीटसिंकवरचा फॅन स्क्रू काढून वेगळा करा, मग बघा. ग्राफिक कार्डचंही तसंच, जुन्या क्वाड्रो कार्डमध्ये ब्लोअर टाइप फॅन असतो आणि वरचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावरच आतलं कळतं.

साफ करताना मशीन बंद, प्लग काढलेला, आणि प्लग काढल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जातो. हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. ही गोष्ट लोक हसण्यावारी नेतात पण हवेच्या जोराने फॅन त्याच्या नेहमीच्या स्पीडच्या कितीतरी वर फिरतो, बेअरिंगची वाट लागते, आणि मोटर उलटी जनरेटरसारखी वीज तयार करते, ती बोर्डकडे जाऊ शकते. हवेचा कॅन उभा धरा, आडवा केला तर गार द्रव बाहेर येतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट बोर्डावर फिरवू नका, स्टॅटिकचा धोका असतो, मऊ ब्रशने धूळ सोडवायची आणि व्हॅक्यूमचं तोंड लांब धरून ओढून घ्यायची इतपत ठीक.

एवढं केलं की मशीन परत जोडून दिवसभर वापरून बघा. खूप मशीनचं दुखणं इथेच बरं होतं.

एवढं गरम का होतंय

धूळ काढूनही स्पीड कमी होत नसेल तर पुढे बघायचं थर्मल पेस्ट, म्हणजे सीपीयू आणि हीटसिंकच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनमध्ये मूळ पेस्ट सुकून तिच्या पापड्या झालेल्या असतात. हीटसिंक काढताना आधी मशीन थोडा वेळ लोडवर चालवून कोमट करा, बंद करा, मग स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने समोरासमोरचे सोडवा आणि हीटसिंक उचलायच्या आधी किंचित पिळा, सरळ वर खेचू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्हीकडून पुसा. नवीन पेस्ट मधे वाटाण्याएवढी, किंवा झिऑनचा (वर्कस्टेशनमधला इंटेलचा सीपीयू) पृष्ठभाग मोठा असतो म्हणून थोडी जास्त, आणि स्क्रू परत समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जायचे. ड्युअल सीपीयू असेल तर दोन्ही करा, एकच करून थांबू नका, कारण फॅन गरम असलेल्या सीपीयूचंच ऐकणार.

मग ही दुसरी गोष्ट जी फार कमी लोक बघतात, मशीन रिकामं असतानासुद्धा सीपीयू काम करतोय का? टास्क मॅनेजर उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर असेल तर प्रोसेसर रिकामा असतानाही पूर्ण क्लॉकवर राहतो, तो बॅलन्स्डवर आणा. बायोसमध्ये सी-स्टेट्स आणि स्पीडस्टेप (रिकाम्या सीपीयूची वीज आणि क्लॉक उतरवणारी सेटिंग) कोणीतरी बंद करून ठेवलेलं असतं, विशेषतः मशीन आधी कुठल्या स्टुडिओत किंवा ऑफिसात वापरलेलं असेल तर, ते चालू करा. यात काही खोलायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही, आणि फरक लगेच ऐकू येतो.

जुन्या मशीनची स्वतःची काही खास दुखणी पण आहेत. २००६ ते २००८ च्या मॅक प्रोमध्ये, आणि त्या काळातल्या डेल प्रिसिजन ४९० आणि ६९०, एचपी एक्सडब्ल्यू८४०० सारख्या मशीनमध्ये एफबी-डीआयएमएम रॅम असते. तिच्यावर एक जास्तीची चिप असते आणि ती प्रचंड तापते. ॲपलच्या रॅमवर मोठाले हीटसिंक होते ते उगाच नव्हते, पातळ पत्रावाली रॅम लावली तर रॅम तापते आणि फॅन पळायला लागतात. म्हणजे रॅम वाढवल्यापासून आवाज वाढला असेल तर कारण हेच. आणि २००९ नंतरच्या मॅक प्रोमध्ये नॉर्थब्रिजच्या (बोर्डावरची चिपसेटची चिप) हीटसिंकच्या प्लास्टिकच्या पिना वयाने ठिसूळ होऊन तुटतात, हीटसिंक एका बाजूने उचललं जातं, सीपीयूचं टेम्परेचर नॉर्मल दिसतं पण मशीन गरम. त्या पिनांच्या जागी छोटे नायलॉनचे किंवा स्प्रिंगवाले स्क्रू लावता येतात.

आणि सेन्सर. मशीनला एखादा सेन्सर सापडत नसेल तर ते धोका पत्करत नाही, सरळ फॅन फुल सोडतं. पॉवर मॅक जी५ मध्ये प्रोसेसर किंवा लॉजिक बोर्ड बदलला तर थर्मल कॅलिब्रेशन करावं लागतं, नाही केलं तर सगळे फॅन बोंबलतात. इतर मशीनमध्येही काही काम केल्यावर लगेच फॅन फुल पळायला लागले तर आधी सगळे छोटे कनेक्टर परत दाबून बघा. मॅक प्रो असेल तर मशीन बंद करून पॉवर कॉर्ड १५ सेकंद काढून ठेवा, त्याने एसएमसी (फॅन आणि पॉवर सांभाळणारी चिप) रीसेट होतं.

बायोस आणि सॉफ्टवेअर

एचपी झेड सीरिजमध्ये चालू करताना एफ१० दाबून बायोसमध्ये जा, पॉवर, मग थर्मल, तिथे फॅन आयडल मोड म्हणून पट्ट्या दिसतात. जितक्या जास्त पट्ट्या तितका फॅनचा किमान स्पीड जास्त. सगळ्यात खाली असायला हवं, आणि वापरलेलं मशीन घेतलं असेल तर अनेकदा ते नसतं. डेलच्या काही प्रिसिजनमध्ये फॅन कंट्रोल ओव्हरराइड नावाचं सेटिंग आहे, ते चालू असेल तर फॅन कायम फुल स्पीडवर फिरतो, बंद करा. आणि बायोस अपडेट बघून घ्या, कंपन्या फॅनचा कर्व्ह (कुठल्या टेम्परेचरला किती स्पीड) अपडेटमधून बदलतात.

सॉफ्टवेअरने फॅन कंट्रोल करायचं म्हणाल तर मी खरं सांगतो, ब्रँडेड वर्कस्टेशनवर फार आशा ठेवू नका. एचडब्ल्यूइन्फोने टेम्परेचर आणि आरपीएम वाचता येतात, ते जरूर टाका कारण त्याशिवाय तुम्ही अंधारात काम करताय, पण स्पीड बदलायचा कंट्रोल एचपी डेलच्या फर्मवेअरच्या मागे लपलेला असतो आणि विंडोजमधल्या फॅन कंट्रोल किंवा जुन्या स्पीडफॅनला तो बऱ्याचदा दिसतच नाही. साध्या मदरबोर्डवर बांधलेलं वर्कस्टेशन असेल तर मात्र दोन्ही छान चालतात. मॅकवर मॅक्स फॅन कंट्रोल आहे. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाका, सेन्सर्स-डिटेक्ट चालवा, मग पीडब्ल्यूएमकॉन्फिग. ते प्रत्येक फॅन थोडा वेळ थांबवून बघतं आणि कुठल्या कंट्रोलला कुठला फॅन आहे ते ओळखतं, शिवाय फॅन सुरू व्हायला किती आणि फिरत राहायला किती पीडब्ल्यूएम (फॅनचा स्पीड ठरवणारा सिग्नल) लागतं तेही मोजतं. हे दोन आकडे वेगळे असतात, थांबलेला फॅन सुरू करायला जास्त लागतं, आणि हे न बघता किमान स्पीड खूप खाली ठेवला की फॅन एकदा थांबला तर परत सुरूच होत नाही. काही डेल मशीनवर डेल-एसएमएम मॉड्यूल आणि आयएटकेयूटिल्स चालतं.

कर्व्ह बनवता येत असेल तर त्याला थोडा आळस द्या, म्हणजे टेम्परेचर चार-पाच डिग्री बदलल्याशिवाय स्पीड हलू नये. एकसारखा मध्यम आवाज कान विसरतो, पण दर अर्ध्या मिनिटाला वर-खाली होणारा आवाज डोकं उठवतो. आणि स्पीडचं गणित आपल्या बाजूने आहे, स्पीड २० टक्के कमी केला तर हवा २० टक्के कमी होते पण आवाज साधारण ५ डेसिबल उतरतो, निम्मा केला तर साधारण १५ डेसिबल. म्हणून दोन-चार डिग्री टेम्परेचर वाढू देऊन स्पीड थोडा खाली आणणं यासारखा सौदा नाही.

बेअरिंगला तेल

थंड असताना घरघर करणाऱ्या स्लीव्ह बेअरिंगच्या फॅनला तेल घालून बरेच महिने शांत ठेवता येतं. फॅनच्या मधला स्टिकर एका बाजूने सोडवा, खाली रबराचं बूच असेल तर काढा, शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका, पाती हाताने फिरवा, जास्तीचं तेल टिपून घ्या. स्टिकरच्या जागी तेल लागलं तर तो परत चिकटणार नाही, अल्कोहोलने पुसून मग चिकटवा किंवा टेप लावा. डब्ल्यूडी-४० मारू नका, तो उडून जातो आणि उरलंसुरलं वंगण घेऊन जातो. खायचं तेल तर अजिबात नाही, ते चिकट गोंद होतं. बॉल बेअरिंगची गुरगुर तेलाने जात नाही आणि सीलबंद फ्लुइड बेअरिंग उघडायचंच नसतं, तिथे फॅन बदलणंच योग्य.

थरथर

चालू मशीनच्या साइड पॅनलवर तळहात दाबा. आवाज बदलला की फॅन नाही, पत्रा वाजतोय. पॅनल आणि फ्रेमच्या मधे फोमची पातळ पट्टी, मशीनच्या पायाखाली रबर, डिस्कच्या स्क्रूंना रबरी वॉशर, फॅनच्या स्टीलच्या स्क्रूंऐवजी सिलिकॉनच्या पिना. मशीन टेबलावर कानाजवळ असेल तर खाली लांब ठेवा, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबल कमी, खोलीत थोडा कमी फरक पडतो पण पडतो. फक्त बंद कपाटात कोंबू नका, आतली हवा दहा डिग्री गरम झाली की सीपीयूही साधारण तेवढाच गरम होतो आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

आता फॅन बदलायचाच असेल तर

जुना फॅन काढून हातात घ्या आणि त्याचा स्टिकर वाचा. व्होल्ट, अँपिअर, मॉडेल नंबर. साइज मोजताना स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजलं तर ८० एमएमच्या फॅनला ७१.५ येतं, ९२ ला ८२.५, १२० ला १०५, म्हणून गोंधळू नका. जाडी नक्की मोजा, वर्कस्टेशनमध्ये २५ बरोबरच ३८ एमएमचे फॅनही खूप असतात आणि ते जाड असतात कारण त्यांना दाट फिन्समधून हवा ढकलायची असते. त्या जागी शांत म्हणून विकला जाणारा पातळ केस फॅन लावला तर रिकाम्या मशीनवर सगळं छान वाटतं, रेंडर लावला की टेम्परेचर चढतं. पाकिटावर स्टॅटिक प्रेशरचा (अडथळ्यातून हवा ढकलायचा जोर) आकडा बघा, नुसता हवेचा आकडा बघून काही कळत नाही.

कनेक्टर हा सगळ्यात चिडवणारा भाग. एचपी आणि डेलने कित्येक मॉडेलमध्ये पाच किंवा सहा पिनांचे स्वतःचेच कनेक्टर वापरलेत. तयार ॲडॉप्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या फॅनचा कनेक्टर वायरसकट कापून नव्याला जोडायचा. पण रंगावर विश्वास ठेवू नका. चार वायरच्या इंटेलच्या पद्धतीत काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी टॅकची (फॅनचा स्पीड मशीनला कळवणारी) आणि निळी पीडब्ल्यूएमची. तर खूपशा दुसऱ्या फॅनमध्ये लाल १२ व्होल्ट आणि पिवळी टॅकची. म्हणजे पिवळीला पिवळी जोडली तर १२ व्होल्ट थेट टॅकच्या लाइनवर. मल्टीमीटर लावून कुठल्या पिनवर काय येतंय ते बघा, कागदावर लिहा, मगच कात्री घ्या.

टॅकची वायर एका फेऱ्याला दोन पल्स देते आणि मशीन त्यावरून स्पीड मोजतं. नवीन फॅन खूप हळू फिरणारा असेल तर मशीनला वाटतं फॅन बंद पडला, मग एचपीवर ५१२ नंबरचा फॅन सापडत नाही असा एरर, डेलवर प्रीव्हियस फॅन फेल्युअर. आणखी एक भानगड, काही कंपनीच्या फॅनमध्ये ती वायर स्पीड सांगत नाही, फक्त फिरतोय की अडकलाय एवढंच सांगते. अशा जागी साधा फॅन लावला तर तो व्यवस्थित फिरत असूनही मशीन तक्रार करत राहतं. म्हणून माझं मत असं की ब्रँडेड वर्कस्टेशनसाठी त्याच पार्ट नंबरचा चांगल्या अवस्थेतला फॅन मिळत असेल तर तोच घ्या, नॉक्टुआ, आर्क्टिक अशा कंपन्यांचे फॅन कितीही आवडत असले तरी. साधं चार पिनांचं हेडर असेल तिथे मात्र बिनधास्त चांगला पीडब्ल्यूएम फॅन लावा.

बारा आणि पाच व्होल्टच्या वायरमधे फॅन जोडून सात व्होल्ट काढायची जुनी युक्ती कोणी सांगेल, ती करू नका, फॅन शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या लाइनवर जातात आणि तिथे तुमच्या डिस्क असतात.

लावताना फ्रेमवरचे बाण बघा, बाण नसतील तर ज्या बाजूला काड्या आणि स्टिकर आहे तिकडून हवा बाहेर पडते.

पॉवर सप्लायचा फॅन असेल तर बाहेरून हवा मारा आणि तिथेच थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या जवळपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो. विजेच्या कामाचा अनुभव नसेल तर डबा उघडू नका, अख्खा सप्लाय बदला. एचपीच्या झेड६२० आणि झेड८२० मध्ये तो हँडल धरून सरळ बाहेर निघतो, त्यामुळे बदलणं तसं सोपं आहे.

ग्राफिक कार्डच ओरडत असेल तर साफसफाई आणि पेस्टनंतर कार्ड बदलायचा विचार करा. जुनं क्वाड्रो ४००० हे १४२ वॅटचं कार्ड आहे, क्वाड्रो पी१००० हे ४७ वॅटचं आणि बहुतेक कामात त्याच्यापेक्षा वेगवान. तेवढी उष्णता आत तयारच झाली नाही तर केसचे फॅनही आपोआप उतरतात. सीपीयूचंही असंच करता येतं, झिऑन एक्स५६९० हा १३० वॅटचा, एल५६४० हा ६० वॅटचा आणि तोही सहा कोरचा, फक्त क्लॉक बराच कमी आहे, तेव्हा दिवसभर रेंडर चालवणाऱ्याने हे करू नये, फाइल सर्व्हर किंवा साधं काम असेल त्याने जरूर करावं.

यातलं काहीही बदललं की शेवटी पूर्ण लोड टाकून अर्धा तास मशीन चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडे बघत बसा. नुसता सीपीयू नाही, रॅम, चिपसेट, डिस्क, ग्राफिक कार्ड सगळंच. सीपीयू ८० च्या खाली स्थिर राहिला, डिस्क ४५ च्या आसपास राहिल्या, आणि आकडे चढत न जाता एका जागी थांबले तर पॅनल लावून टाका. अर्ध्या तासानंतरही चढतच असतील तर स्पीड एक पायरी वाढवा आणि परत अर्धा तास बघा.